वीस गुंठे, चाळीस हात: छोट्या आणि हौशी शेतकऱ्यांच्या गटात नव्याने येताना

मावळात आमचा एक गट आहे. त्याला नाव नाही, पाटी नाही, नोंदणीही नाही. भात करणारी तीसेक माणसं. निम्मी गावातलीच, कुणाची तीस गुंठे, कुणाची दीड एकर. उरलेली पुण्या-चिंचवडहून शनिवार-रविवारी येणारी. कुणाला वाटणीत तुकडा आला, कुणी निवृत्तीनंतर वडिलांच्या शेताकडे परतलं. मी या दुसऱ्या पंगतीतला. नव्या माणसाला दरवर्षी तेच तेच सांगतो, म्हणून यंदा एकदाच लिहून काढतोय. तुमचं शेत कर्जतला असेल, मुळशीत किंवा जुन्नरला, तपशील थोडे बदलतील. रीत फारशी बदलत नाही.

आधी माप. गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, १,०८९ चौरस फूट. चाळीस गुंठ्यांचा एकर. सरकारी भाषेत एक हेक्टरपर्यंत, म्हणजे साधारण अडीच एकरांपर्यंत जमीन असलेला तो अत्यल्पभूधारक, आणि एक ते दोन हेक्टरवाला अल्पभूधारक. वीस गुंठेवाल्याला सगळ्यात जास्त नडतं ते हे माप. शेणखत ट्रॉलीने येतं, पाटीने कुणी देत नाही. कोंबडीची लस शंभर डोसांच्या कुपीत येते. मजुरांची टोळी अर्ध्या दिवसासाठी फिरकत नाही आणि ट्रॅक्टरवाला दोन गुंठ्यांच्या खाचरासाठी गाडी वळवत नाही. शेतीतली सगळी मापं मोठ्यांसाठी केलेली आहेत. ती फोडून वाटून घेण्याची सोय म्हणजे गट.

गट सापडतो कुठे

मोबाइलवर शोधत बसू नका. तिथे सापडतात ते बहुतेक रोपं विकणारे. भात गिरणीवर जा, सकाळी दूध संकलन केंद्रावर थांबा, कृषी सेवा केंद्राच्या बाकड्यावर अर्धा तास बसा. कृषी सहायकाला (आता या पदाचं नाव सहायक कृषी अधिकारी) आपल्या गावांमधले गट ठाऊक असतात, कारण ‘आत्मा’ योजनेची प्रशिक्षणं आणि शेतीशाळा त्याला गटांसाठीच घ्याव्या लागतात. पुणे जिल्ह्यात बारामती आणि नारायणगाव इथे कृषी विज्ञान केंद्रं आहेत. शिवाय सुगीनंतरचं तंत्र आणि हरितगृह शिकवणारी संस्था आमच्या तळेगाव दाभाडेलाच आहे. अशा प्रशिक्षणात शेजारी बसलेला माणूस बऱ्याचदा कुठल्या ना कुठल्या गटातला निघतो.

विचारायचं काय, हे महत्त्वाचं. “इथे शेतकऱ्यांचा क्लब आहे का?” असं मी विचारलं होतं. समोरच्याला वाटलं मी कुठलं रिसॉर्ट शोधतोय. “इथे सावडीने आवणी कोण करतं?” असं विचारा, लगेच दोन-तीन घरं दाखवतील. आवणी म्हणजे भाताच्या रोपांची लावणी.

सावड म्हणजे आज मी तुझ्या खाचरात, उद्या तू माझ्या. कुठे याला वारंगुळा म्हणतात. इर्जिक थोडी वेगळी: एकाचं मोठं काम सगळे मिळून एका दिवसात उरकतात, मजुरी नसते, जेवण असतं. आंबेगाव-जुन्नरच्या डोंगरपट्ट्यात आदिवासी शेतकरी उतारावर भाताची खाचरं पाडतात ती अशीच एकमेकांच्या अंगमेहनतीवर, तिला पडकई म्हणतात. आमच्या गटात व्हॉट्सअ‍ॅप आहे, बियाण्यांचा दिवस आहे, लसीकरणाचा दिवस आहे. पण खाली पाया सावडीचाच आहे. हे लक्षात न घेता आलेला माणूस दोन महिन्यांत कंटाळून जातो. त्याला सल्ला हवा असतो आणि इथे त्याला हातात विळा मिळतो.

कागदांचं थोडक्यात

गटात यायला सातबारा लागत नाही. कुणी अर्धेलीने करतं, कुणी खंडाने, कुणाचं शेत सासूच्या नावावर. जमीन अजून घ्यायची असेल तर मात्र आधी वकिलाकडे जा. १९४८च्या कूळकायद्यामुळे महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही, आणि १९४७चा तुकडेबंदीचा कायदा छोट्या तुकड्यांच्या व्यवहारात आडवा येतो. ‘गुंठेवारीत करून देतो’ म्हणणाऱ्या दलालाचं ऐकून फसलेले दोघे आमच्याकडे आहेत. ते गटात अजून येतात, फक्त त्यांना पिकवायला जागा नाही.

जमीन नावावर असेल तर दोन कामं करून टाका: शेतकरी ओळखपत्राची नोंदणी आणि दर हंगामाला ई-पीक पाहणी, म्हणजे शेतातल्या पिकाची सरकारी नोंद. ई-पीक पाहणी २०२१पासून मोबाइलवरून आपली आपण करायची असते. नेटवर्क, फोटो, जमिनीचा गट नंबर यांचा घोळ होतो, म्हणून आम्ही एका रविवारी सगळ्यांची एकदमच करतो. कॉलेजला जाणारी दोन मुलं तीस जणांचं काम तीन तासांत उरकतात, आणि त्याबद्दल त्यांच्या घरच्या खात्यावर सावडीचा अर्धा दिवस चढतो.

सावडीची वही

हे खातं म्हणजे एक साधी शंभर पानी वही. कोण, कुणाकडे, किती वेळ, कशाला. पूर्ण दिवस, अर्धा दिवस, बस. पैसे लिहायचे नाहीत. पैसे लिहिले की भाव सुरू होतो. एक ठरलेलं: बाई आणि पुरुष यांचा दिवस सारखा. बाहेर मजुरीत बाईला कमी देतात आणि आवणी तर बहुतेक बायाच करतात, पुरुष चिखलणी करून बांधावर उभे राहतात. हा नियम करताना वाद झाला. गटातल्या मावशींनी “मग यंदा आवणी तुम्हीच करा” एवढंच म्हटलं आणि वाद मिटला.

नव्या माणसाने पहिल्या हंगामात घ्यायच्या आधी द्यावं. तीन-चार दिवस दुसऱ्यांकडे राबा. शहरातला माणूस निम्मंच काम करतो हे सगळ्यांना माहीत असतं, तरी वहीत पूर्ण दिवस लागतो. ही उधारी आहे हे ओळखा. सावड न फेडणाऱ्याला कुणी काही बोलत नाही, फक्त पुढच्या वर्षी त्याच्या आवणीच्या दिवशी प्रत्येकाच्या घरी पाहुणे आलेले असतात.

आणि आपल्या ऐवजी मजूर पाठवू नका. ते पैसे फेडणं झालं. तुम्ही यायचं असतं, उशिरा आलात तरी चालेल.

मे: बियाण्यांचा दिवस

गटाचं वर्ष गुढीपाडव्याला किंवा एक एप्रिलला सुरू होत नाही, मे महिन्यात होतं. त्या दिवशी देवळाच्या मंडपात सतरंज्या टाकून प्रत्येकजण आपलं बियाणं मांडतो. नव्याने येताय तर याच दिवशी या. काम कमी, बोलणं जास्त, आणि सगळे एका ठिकाणी भेटतात.

रिकाम्या हाताने आलात तरी वाल, घेवडा, भोपळ्याच्या बिया मिळतील. घेताना चिठ्ठीवर चार गोष्टी लिहून घ्या: वाणाचं स्थानिक नाव, कुठल्या गावचं, कुठल्या हंगामाचं, आणि देणाऱ्याने स्वतः धरलेलं की विकत आणलेलं. चौथी गोष्ट विचारायला लोक लाजतात. लाजू नका. संकरित बियाण्याच्या फळातून धरलेलं बी पुढे आईबापासारखं निघत नाही. भात, वाल, घेवडा, टोमॅटो यांच्या फुलात बहुतांशी स्वतःच्याच परागाने फळ धरतं, त्यामुळे त्यांचं बी विश्वासाने घ्यावं. भोपळा, दोडका, काकडी, मका यांची शेजारच्या वेलाशी, ताटाशी सरमिसळ होते. पहिल्या वर्षी मी मोठ्या कौतुकाने आणलेल्या दुधी भोपळ्याला निम्मी गोल आणि निम्मी सोटासारखी फळं लागली. चव चांगली होती, पण ते बी पुढे कुणाला देण्यासारखं राहिलं नाही.

ज्यांना हा नाद लागेल त्यांनी अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याची वाट धरावी. राहीबाई पोपेरे यांनी तिथे गावरान वाणांची बियाणे बँक उभी केली आणि २०२०मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. आमच्या गटाची एक सहल तिकडे झाली. परतताना एसटीत सगळ्यांच्या मांडीवर पुड्या होत्या.

त्याच दिवशी उगवण चाचणी लावतो. शंभर दाणे मोजायचे, ओल्या गोणपाटावर ओळीने मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, पाणी शिंपडत राहायचं. आठवड्याने उघडून कोंब मोजायचे. शंभरातले ऐंशी उगवले तर चिंता नाही. साठ उगवले तर बी वाढवून टाकायचं. त्याहून कमी आले तर ते बी कोंबड्यांना घालायचं आणि शेजाऱ्याकडून दुसरं मागायचं. या एका सोप्या चाचणीने आमच्या किती जणांची दुबार पेरणी वाचली असेल, सांगता येत नाही.

मातीचे नमुनेही याच सुमारास, शेत मोकळं असताना काढतो. इंग्रजी व्ही अक्षरासारखा वीतभर खोल खड्डा, त्याच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत तासून घ्यायची. शेतात नागमोडी चालत सात-आठ ठिकाणी असंच करायचं. सगळी माती एकत्र कालवून चार भाग, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, अर्धा किलो उरेपर्यंत हेच. बांधाजवळची, झाडाखालची, उकिरड्याच्या जागेची माती नको. पिशव्या गोळा झाल्या की एकजण सगळ्यांच्या घेऊन प्रयोगशाळेत जातो. एकट्याने अर्धा किलो मातीसाठी रजा टाकायची गरज उरत नाही.

जून-जुलै: रोप, आवणी आणि साडेबारा हजार गोळ्या

रोहिण्या लागल्या की बांधबंदिस्ती, मृगात रोप टाकायचं. वीस गुंठ्यांना रोपासाठी दोन गुंठे जागा आणि सात-आठ किलो बी पुरतं. मिठाचं पाणी सगळ्यांसाठी एकदम करतो: दहा लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ. त्यात बी ओतायचं, ढवळायचं, वर तरंगणारं पळंज, म्हणजे पोकळ बी, काढून टाकायचं, तळाचं जड बी साध्या पाण्यात दोन-तीनदा धुऊन सावलीत वाळवायचं. मीठ धुवायला विसरू नका.

वाण बहुतेकांचं इंद्रायणी. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून १९८७ साली आलेलं, म्हणजे आमच्या घरचंच. काही जण आंबेमोहोर जपून आहेत.

आवणी आम्ही चारसूत्रीने करतो. कृषिशास्त्रज्ञ डॉ. नारायण सावंत यांनी बसवलेली ही पद्धत. भाताचाच तूस-पेंढा मातीत परत द्यायचा, गिरीपुष्प या झाडाचा कोवळा पाला गाडायचा, दोरीवर नियंत्रित लावणी करायची आणि खताची गोळी खोल खोचायची. लावणीचं अंतर आलटून पालटून १५ आणि २५ सेंटिमीटर ठेवायचं. म्हणजे चार चुडांचा (एका जागी लावलेल्या दोन-तीन रोपांचा एक चूड) एक चौकोन होतो आणि मध्ये मोकळी वाट राहते. प्रत्येक चौकोनाच्या मध्यभागी युरिया-डीएपीची २.७ ग्रॅमची एकच गोळी, सात ते दहा सेंटिमीटर खोल. गाडलेली असल्यामुळे ती मावळच्या पावसात वाहून जात नाही आणि रोपांना हळूहळू मिळत राहते.

हिशोब करून बघा. हेक्टरी ६२,५०० गोळ्या, वीस गुंठ्यांना साडेबारा हजार. वजन ३४ किलोच्या आत-बाहेर, पण एकेक हाताने, वाकून, चिखलात. एकटा माणूस हे करायला बसला तर तिसऱ्या ओळीला फेकून देतो, उरलेलं खत मुठीने भिरकावतो. दहा माणसं असली तर दुपारच्या जेवणाआधी होतं. चारसूत्री चांगली आहे हे कृषी खातं कधीपासून सांगतंय. ती जिथे टिकली तिथे सावड आहे, असं माझं निरीक्षण.

नव्या माणसाची चूक ठरलेली. तो रोप खोल दाबतो, पडू नये म्हणून. दोन-तीन सेंटिमीटरच खोल लावायचं, चुडात दोन-तीन रोपं. खोल गेलेल्या रोपाला फुटवे कमी येतात. माझी पहिल्या वर्षीची ओळ सप्टेंबरपर्यंत लांबून ओळखू यायची. लोक पाहुण्यांना दाखवायचे.

आमच्यातले दोघे चिखलणी-आवणी काहीच करत नाहीत. नेरळच्या शेखर भडसावळे यांनी बसवलेल्या सगुणा राइस तंत्राने, म्हणजे साडेचार फुटांच्या गादीवाफ्यांवर साच्याने टोकून भात करतात. आधीच्या पिकाची मुळं जमिनीतच कुजू देतात, नांगर घालत नाहीत. कष्ट खूप वाचतात. तणनाशक मारावं लागतं यावरून गटात दरवर्षी एकदा भांडण होतं, ते भांडण ऐकण्यासारखं असतं. दोन्ही खाचरं बघा आणि आपलं ठरवा.

पाऊस जरा ओसरला की एका दुपारी कोयकलमं. जूनमध्ये खाल्लेल्या आंब्यांच्या कोयी फेकायच्या नाहीत, वाफ्यात लावून ठेवायच्या. तांबूस पानांचं कोवळं रोप वर आलं की त्याच्या शेंड्याच्या जागी तितक्याच जाडीची हापूसची किंवा केसरची काडी पाचर मारून बसवायची आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट बांधायची. काडीची पानं आठ-दहा दिवस आधी झाडावरच छाटलेली हवीत, म्हणजे डोळे फुगतात. धारदार ब्लेड आणा. पहिल्या दहांतली दोन जगली तरी खूश व्हा.

कोंबड्यांची कुपी

गटाची खरी कसोटी मी या कुपीवर मानतो. गावरान कोंबड्या प्रत्येकाकडे आठ, पंधरा, फार तर तीस. मानमोडी, म्हणजे राणीखेत आली की दोन दिवसांत खुराडं रिकामं. लस स्वस्त आहे. पण ती येते शंभर किंवा त्याहून जास्त डोसांची, बर्फात ठेवावी लागते, आणि एकदा पाण्यात मिसळली की दोन तासांच्या आत संपवावी लागते. पंधरा कोंबड्यांसाठी शंभराची कुपी कोण फोडणार? म्हणून छोटा माणूस लस देतच नाही.

आम्ही असं करतो: सगळ्यांनी पिल्लं एकाच आठवड्यात उबवायला बसवायची किंवा एकदमच मागवायची. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा, म्हणजे मानमोडीची लस, डोळ्यात एक थेंब. चौदाव्या दिवसाच्या आसपास गंबोरो रोगाची, चौथ्या आठवड्यात लासोटा परत, सहा ते आठ आठवड्यांनी देवीची. तारखा पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून ठरवतो. एकजण थर्मासमध्ये बर्फ घालून कुपी आणतो, बाकीचे पाटीत पिल्लं घेऊन एका अंगणात जमतात. मिसळल्यापासून घड्याळ लावतो. पाऊण तासात ऐंशी पिल्लं होतात. मग वाडीवर निरोप जातो, ज्यांचा गटाशी संबंध नाही त्यांचीही पिल्लं येतात. येऊ द्यावीत. त्यांच्याकडची मानमोडी उडून आपल्याकडेच येणार असते. आजारी पिल्लू मात्र पाटीत आणायचं नाही, त्या दिवशी नाहीच.

शेळ्यांचं आंत्रविषाराचं आणि पीपीआरचं लसीकरण पावसाळ्याआधी असंच एका दिवशी. पशुधन विकास अधिकाऱ्यांना चाळीस शेळ्या एका जागी बांधून मिळाल्या तर ते आनंदाने येतात. चार शेळ्यांसाठी तुम्ही दवाखान्यात खेटे घालाल.

अवजारांची खोली

मी गटात यायच्या आधी पॉवर वीडर, म्हणजे तण काढायचं यंत्र, विकत घेतला होता. वीस गुंठ्यांसाठी. वर्षात नऊ तास चालला, मग कार्बोरेटर चोंदला, आणि तो दोन वर्षं ताडपत्रीखाली गंजत होता. आता तो गटाच्या खोलीत आहे आणि सतरा जण वापरतात.

नव्या माणसाने स्वतःची घ्यायची अवजारं एवढीच: खुरपं, कुदळ, घमेलं, कोयता आणि दातेरी विळा. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा वैभव विळा मिळाला तर तोच घ्या. हलका, आणि धार लावायची कटकट नाही. आंब्याची झाडं असतील तर त्याच विद्यापीठाचा आंबे उतरवायचा नूतन झेला. बाकी ब्रश कटर, पंप, वीडर, ताडपत्र्या, मळणी यंत्र हे वाटून. नियम भिंतीवर खडूने लिहिलेले आहेत: नेताना वहीत सही, आणताना धुऊन, पेट्रोल जितकं होतं तितकं. मोडलं तर सांगून आणा. मोडलेलं गुपचूप ठेवून जाणाऱ्यासारखा ताप नाही. तणनाशकाचा पंप वेगळा आहे, त्याला लाल पट्टी आहे. तो कितीही धुतला तरी दुसऱ्या फवारणीला वापरायचा नाही.

प्रश्न कसा विचारावा

पिवळ्या पानाचा एक फोटो आणि खाली “काय मारू?” असं लिहिलं तर उत्तर येणार नाही, किंवा नऊ वेगवेगळी येतील. पानाच्या दोन्ही बाजू, अख्खं झाड आणि अख्खं खाचर असे फोटो टाका. लागवडीची तारीख, पाणी किती, खत कधी, आधी काय फवारलं, तेही लिहा. निम्म्या वेळी लिहिता लिहिताच उत्तर सापडतं. माझ्या मिरचीच्या वेळी ते उत्तर ‘पाणी जास्त झालं’ असं होतं.

फवारणी हा गटातला सगळ्यात नाजूक विषय. सेंद्रियवाले आहेत, रासायनिकवाले आहेत, आणि गरजेप्रमाणे धर्म बदलणारे सर्वांत जास्त आहेत. निंबोळी अर्क सगळ्यांना चालतो. मे-जूनमध्ये पोरंसोरं निंबोळ्या वेचतात, त्या वाळवून ठेवतो. पाच किलो निंबोळ्यांची भरड रात्रभर भिजत घालायची, सकाळी फडक्यातून गाळायची, थोडा साबणाचा चुरा टाकून पाणी १०० लिटर करायचं. संध्याकाळी फवारायचं. दहा लिटर अर्कासाठी कुणी एवढा खटाटोप करत नाही, शंभर लिटर केला की दहा घरी पुरतो.

रासायनिक औषध आणलंत तर आधी डब्यावरचा त्रिकोण बघा. लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा, आणि हिरवा सर्वांत कमी. मास्क, हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा. वाऱ्याच्या उलट दिशेने चालायचं नाही, दुपारच्या उन्हात नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतल्या विषबाधेने कितीतरी शेतकरी-शेतमजूर दगावले. उघड्या अंगाने फवारणाऱ्याला आमच्याकडे बांधावरून हाका मारून थांबवतात, वय न बघता.

साप

पावसाळ्याआधी एकदा सर्पमित्राला बोलावतो. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे चार ओळखता आले पाहिजेत. चावलाच तर चिरायचं नाही, चोखायचं नाही, दोरीने करकचून आवळायचं नाही. माणसाला हलू न देता, चावलेला हात किंवा पाय स्थिर ठेवून थेट दवाखाना. १०८ला फोन करा, आणि ज्या ग्रामीण रुग्णालयात प्रतिसर्पविष आहे त्याचं नाव व नंबर आधीच फोनमध्ये ठेवा. आवणी सोडून बाकी कामांना गमबूट, रात्री विजेरी. मण्यार रात्री घरात शिरते, त्यामुळे शेतघरात जमिनीवर अंथरूण टाकण्याची हौस टाळा.

बाकीचं वर्ष

ऑगस्टमध्ये बेणणी, म्हणजे खाचरातलं तण काढणं, आणि रानभाज्या. कृषी खात्याचे रानभाजी महोत्सव याच दिवसांत असतात, पण कुर्डू, टाकळा, फोडशी, भारंगी शिकायची तर गटातल्या आजींच्या मागे माळावर जा. त्यांनी ‘हो’ म्हटल्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही. शेवळं तर त्यांनीच शिजवून द्यावीत. चुकीची शिजवली की घसा दोन दिवस खाजतो, हे मी स्वतः तपासलं आहे.

सप्टेंबरात शिवारफेरी: एकेकाच्या खाचरात जाऊन करपा, खोडकिडा, तुडतुडे बघायचे, बांध पोखरणाऱ्या खेकड्यांची बिळं बुजवायची. दिवाळीच्या आगेमागे कापणी-झोडणी. डिसेंबरात मोशीचं किसान प्रदर्शन. तिथे काहीही विकत घ्यायचं नाही अशी आम्ही निघताना शपथ घेतो आणि येताना डिकी बंद होत नाही. जानेवारीत हिशोब, सावडीच्या वहीची वाचणी, आणि वालाच्या शेंगा.

विकायचं झालं तर

पहिली दोन वर्षं विकण्याचा विचार सोडा, घरी खा आणि बहिणीला द्या. पुढे तांदूळ जास्त झाला तर एकत्र भरडून, एकसारख्या पिशव्यांतून ओळखीत जातो. ‘सेंद्रिय’ असं छापायचं असेल तर कागद हवा. छोट्यांसाठी पीजीएस-इंडिया ही सहभाग हमीची पद्धत परवडते: जवळपासचे किमान पाच शेतकरी गट करतात आणि एकमेकांची शेतं तपासून नोंदी ठेवतात. म्हणजे शेजाऱ्याच्या चोरून टाकलेल्या युरियाने तुमचंही प्रमाणपत्र अडचणीत येऊ शकतं. आमच्यातल्या सहा जणांनी ते केलंय. त्यांची मैत्री टिकली आहे, तरी तपासणीच्या दिवशी चहा जरा गार असतो. शेतकरी उत्पादक कंपनीला किमान दहा जण लागतात. लेखापाल, सभा, विवरणपत्रं हे सगळं मागे येतं. घाई करू नका.

जवळ गट नसेल तर

पाच-सात घरं पुरे, पण एकमेकांपासून अर्ध्या तासाच्या आत. अध्यक्ष, खजिनदार, लोगो यातलं काही आधी करू नका. मातीचे नमुने किंवा कोंबड्यांची कुपी, असं एकच काम तारीख ठरवून करा. ते झालं की दुसरं आपोआप निघतं. गावातली किमान निम्मी घरं हवीतच. नुसत्या शहरी लोकांचे गट मी पाहिले आहेत, ते जुलैच्या पहिल्या आठवड्यात विरघळतात, कारण पाऊस नेमका मंगळवारी पडतो.

पहिल्या आवणीला येताना

निरोप आदल्या रात्री येतो, कधी पहाटे. सकाळी सातला बांधावर हवं. इरलं आता फारसं कुणी वापरत नाही, प्लॅस्टिकचा कागद किंवा रेनकोट चालेल. जुनी अर्धी विजार, जास्तीचे कपडे गाडीत, मोबाइल प्लॅस्टिकच्या पिशवीत. नखं कापून या. डबा आणायचा नाही, ज्याची आवणी त्याच्याकडे जेवण: भाकरी, सुक्या बोंबलाची चटणी किंवा पिठलं, आणि भात. जेवायला बसताना कुणी खुर्ची आणून दिली तर नको म्हणा. सुरुवातीला तुम्हाला ‘साहेब’ म्हणतील. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी कधीतरी कुणी ओरडून “दादा, दोरी सरकव की!” म्हणेल.

चपला बांधावर काढताना एका बाजूला, ओळखू येतील अशा ठेवा. संध्याकाळी सगळ्यांच्या एकाच रंगाच्या झालेल्या असतात.